कोप्यांच्या तळावर एक खोली द्या : साखर कारखान्यांच्या संचालक मंडळांना खुले पत्र

प्रति,
राज्यातील साखर कारखान्यांचे अध्यक्ष, कार्यकारी संचालक आणि सर्व संचालक

स. न. वि. वि.

दसऱ्याच्या आसपास तुमच्याकडे बॉयलर पेटतील, मग मोळीपूजन होईल. आमच्याकडे बालाघाटाच्या डोंगरातल्या वाड्या-तांड्यांवर तेव्हा दारांना कुलपं लागतील, कारण घरंच्या घरं ऊसतोडीला निघतील. सध्या तुमच्या बैठकांमध्ये तोडणी-वाहतूक करार, मजुरांच्या टोळ्या किती भरल्या, टोळ्या आणणाऱ्या कुठल्या मुकादमाने मागच्या वर्षीची उचल, म्हणजे आगाऊ दिलेले पैसे, बुडवली, हेच विषय असणार. त्यात एक विषय वाढवावा म्हणून हे पत्र. उघड लिहिते आहे, कारण कारखाने दोनशेच्या घरात आहेत आणि पाकिटातून पाठवलेलं पत्र शेतकी विभागाच्या टेबलापलीकडे जात नाही, असा अनुभव आहे.

मागणी आधीच सांगून टाकते, म्हणजे ज्यांना पुढचं वाचायला वेळ नाही त्यांनी इथंच थांबलं तरी चालेल. टोळ्यांबरोबर तेरा ते एकोणीस वयाची जी मुलं-मुली तुमच्या कारखान्यावर येतात, त्यांना आठवड्यातून एकदा दोन तास एकत्र बसता येईल अशी एक खोली टोळ्या उतरतात त्या प्रत्येक मोठ्या तळाजवळ द्या. त्यांच्याबरोबर बसायला मुलींसाठी एक ताई आणि मुलांसाठी एक दादा नेमा. एवढंच.

मी बीड जिल्ह्यात किशोरी गट चालवते. गट म्हणजे फार काही मोठं प्रकरण नाही. शनिवारी दुपारी जिल्हा परिषद शाळेच्या व्हरांड्यात, नाहीतर समाजमंदिरात पंधरा-वीस मुली बसतात. आधी खेळ, मग गप्पा. पाळी, अभ्यास, मोबाइलवर कोण कुणाला काय पाठवतं, घरात कुणाचा हात उठतो, कुणाकडे पाहुणे बघायला येऊन गेले. लोहाच्या निळ्या गोळीचा विषय पाच मिनिटांत संपतो, पाहुण्यांचा संपत नाही. पहिले काही महिने मुली नुसत्या हसतात, एकमेकींना कोपरानं ढोसतात. भेटीला आलेल्या साहेबांना वाटतं, इथं काहीच चाललेलं नाही.

चाललेलं असतं ते असं. सोळा वर्षांची पोर एकटीच बापापुढे उभी राहून ‘मला शिकायचंय’ म्हणाली, तर तो हट्ट ठरतो आणि त्याची बोलणी आईला खावी लागतात. तीच पोर आठ मैत्रिणींना घेऊन ओट्यावर बसली, आणि त्यातली एखादी धीट म्हणाली, ‘काका, दहावी तरी होऊ द्या’, की बापाला पाहुण्यांना सांगायला कारण मिळतं. पुष्कळ बापांना असं कारण हवंच असतं, हे मी इतक्या वर्षांत पाहिलं आहे. पोरीचं वाईट व्हावं असं कुणाला वाटतं? आमच्या गटांनी लग्नं मोडली, असं मी कधी सांगत फिरत नाही. लग्नं लांबली. एक वर्ष लांबलं की दहावी होते, दोन वर्षं लांबलं की बारावी होते, आणि मग मुलगी स्वतःच बोलायला लागते.

पण हे सगळं दिवाळीपर्यंत. माझ्याकडच्या हजेरीच्या वहीत जून ते सप्टेंबर पानं बरोबर-खुणांनी भरलेली असतात. ऑक्टोबरच्या पानावर एकेका नावापुढे ‘कारखाना’ असा शेरा पडायला लागतो. पुढे तो आडवा लिहायचाही कंटाळा येतो, म्हणून नावापासून पानाच्या टोकापर्यंत नुसती रेघ ओढते. ती रेघ थेट हंगाम संपून पट्टा पडेपर्यंत, म्हणजे मार्च-एप्रिलपर्यंत जाते. मे महिन्यात नावं परत येतात, पण सगळी येत नाहीत. काहींच्या पुढे मग सासरच्या गावाचं नाव लिहावं लागतं.

म्हणजे जे सहा महिने मुलगी घरी, शाळेजवळ, आजी-चुलतीच्या नजरेखाली असते, तेव्हा आमचा गट भरतो. आणि ज्या सहा महिन्यांत ती परक्या मुलखात, दार नसलेल्या कोपीत, म्हणजे तात्पुरत्या झोपडीत, असते, तेव्हा तिच्यासाठी कुठलाच गट नसतो. आम्ही काम करणाऱ्यांनी, सरकारने आणि तुम्हीही याकडे अजून नीट पाहिलेलं नाही.

कोयत्याचं गणित तुम्हाला मी काय सांगावं! तरी पंधरा-सोळा वर्षांच्या पोरांच्या बाजूने ते कसं दिसतं, ते एकदा मांडते. उचल जोडीवर मिळते, कारण कोयता म्हणजे नवरा-बायको. एकटा पोरगा अर्धा कोयता. त्याला पूर्ण करायचा तर लग्न. लग्नाचा खर्च उचलीतून भागतो, आणि लग्न झालं म्हणून पुढच्या वर्षी उचल वाढते. मुलीच्या बापाचं गणित वेगळं आहे, पण उत्तर तेच येतं. पोरीला गावात ठेवावी तर कुणाच्या भरवशावर? बरोबर न्यावी तर दिवसभर तळावर एकटी. त्यापेक्षा दिलेली बरी. काही लग्नं तर इतकी घाईत उरकतात की कारखान्याच्या आवारातच दोन हार घातले की झालं. आमच्याकडे त्याला ‘गेटकेन’ (बाहेरून थेट कारखान्याच्या गेटवर येणाऱ्या उसाचं नाव) म्हणतात आणि हसतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) राज्यात २० ते २४ वयाच्या बायकांपैकी २१.९ टक्क्यांचं लग्न अठराच्या आत झालेलं निघालं. बीड जिल्ह्यात हाच आकडा ४३.७ टक्के होता. म्हणजे दुप्पट. हा आकडा गरिबीचा आहे, दुष्काळाचा आहे, रूढीचाही आहे. पण त्यातला एक हिस्सा तोडणीच्या पद्धतीचा आहे, आणि ती पद्धत तुमच्या करारांवर चालते.

मागे एका जानेवारीत एका कारखान्याच्या तळावर गेले होते. कुठला, ते महत्त्वाचं नाही. सगळे सारखेच असतात. उसाच्या रिकाम्या रानात अर्धगोल मांडलेल्या कोप्या, वरून निळं-काळं प्लॅस्टिक, मध्ये पाण्याची टाकी आणि टाकीपाशी एकच बल्ब. न्हाणी म्हणजे चार काठ्या आणि त्यांना गुंडाळलेली जुनी साडी. आमच्या गटातली एक मुलगी तिथं होती. दहावीची. पाठीमागे झोळीत भाऊ, पुढे चूल, चुलीत पाचट. पाचट भसकन पेटतं आणि लगेच विझतं, त्यामुळे भाकर टाकून तिला बाजूला होता येत नव्हतं. बोलता बोलता सारखं वाकून घालत होती. मी विचारलं, दिवसभर काय करतेस? म्हणाली, ‘पहाटं तीन-चारला समदे फडात जातेत. मग तळावर आम्ही पोरीच असतोत. दुपारी कोण कोण येऊन बसतंय.’ कोण येऊन बसतं? ती वाकली आणि चुलीत पाचट घातलं. पुन्हा विचारलं नाही. तिची आई शेजारीच होती.

हे गटात विचारता आलं असतं. एकटीला जे सांगता येत नाही, ते पाच जणींत बसून आधी दुसरीची गोष्ट म्हणून सांगता येतं. ‘आमच्या तळावर एक पोरगी हाय, तिला एक जण...’ अशी सुरुवात होते. ती पोरगी कोण, हे सगळ्यांना ठाऊक असतं आणि कुणी बोलून दाखवत नाही. पुढच्या आठवड्यापासून मग पाण्याला दोघी मिळून जातात, दुपारी तिघी एकाच कोपीत बसतात, त्या माणसाचं नाव तळावरच्या एका वयस्क बाईच्या कानावर जातं. साहेब, पोलिसांच्या आधी हे होतं, आणि पुष्कळदा एवढ्याने भागतं.

सरकारने काही केलं नाही, असं मी म्हणत नाही. मुलं गावात थांबावीत म्हणून हंगामी वसतिगृहं आहेत. पण ती आठवीपर्यंत. ज्या वयात खरा घोर लागतो, त्याच वयात ती संपतात. ऊसतोड मजुरांच्या मुलांसाठीच्या संत भगवानबाबा वसतिगृह योजनेत ४१ तालुक्यांत मुलांचं एक आणि मुलींचं एक अशी ८२ वसतिगृहं, प्रत्येकी शंभर जणांसाठी, मंजूर झाली. सगळी उघडून सगळी भरली तरी ८,२०० जागा. ऊसतोड मजूर किती, तर आठ-दहा लाख हा अंदाज नेहमी सांगितला जातो. राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम ७ जानेवारी २०१४ ला सुरू झाला. त्यात गावातल्याच मुलामुलींमधून ‘साथिया’ निवडायचे, त्यांनी आपल्या वयाच्यांचा गट चालवायचा, अडलं तर सरकारी दवाखान्यात या वयाच्या मुलांसाठी असलेल्या मैत्री क्लिनिकला न्यायचं, अशी छान कल्पना आहे. आमच्या भागात काय होतं? निवडलेली साथियाच टोळीबरोबर निघून जाते. तिला मिळालेली पुस्तकं घरच्या पेटीत राहतात आणि पेटीला कुलूप. किशोरींच्या पोषणाची केंद्राची योजना आता देशभरात बहुतेक आकांक्षित, म्हणजे केंद्राने मागास म्हणून निवडलेल्या, जिल्ह्यांपुरती उरली आहे. त्या यादीत शेजारचा धाराशिव आहे, बीड नाही. का नाही, ते दिल्लीला ठाऊक.

तुमच्याकडून नेहमी येणारं उत्तर मला पाठ आहे. तोडणी मजूर कारखान्याचे नाहीत, मुकादमाचे आहेत; आमचा करार वाहतूकदाराशी. या कायदेशीर वादात मी इथं पडत नाही. ज्यांनी लढायचा ते लढत आहेत. मी एवढंच विचारते, की ती मुलगी ज्या जागेवर झोपते ती जागा तळासाठी कुणी ठरवली, आणि ती जे पाणी भरते तो टँकर कुणाचा? शिवाय हे काम तुमच्या घराण्याला नवीनही नाही. शिक्षणहक्काचा कायदा यायच्या आधी कितीतरी कारखान्यांच्या आवारात साखरशाळा भरत होत्या. कुठं पत्र्याच्या शेडमध्ये, कुठं गोडाऊनच्या कोपऱ्यात. काही बऱ्या होत्या, काही नावापुरत्या होत्या. २०१० नंतर प्रत्येक मूल नेहमीच्या शाळेतच गेलं पाहिजे असं ठरलं आणि त्या बंद पडत गेल्या. तत्त्व बरोबर होतं, पण शेड रिकामी झाली ती झालीच. मी शाळा पुन्हा काढा म्हणत नाही. त्या शेडचा एक कोपरा मागते आहे.

आता व्यवहाराचं बोलू. वेळ कुठली ठेवायची, हे तुमच्या कल्याण अधिकाऱ्याने ऑफिसात बसून ठरवू नये. संध्याकाळ सोयीची वाटते, पण संध्याकाळी मुलींना पाणी, स्वयंपाक, धाकटी भावंडं असतात आणि बाप दमून, कधी पिऊन आलेला असतो. तळावर थांबणाऱ्या मुलींसाठी दुपार बरी. त्याच वेळी त्या एकट्या असतात आणि त्याच वेळी नको ती माणसं घिरट्या घालतात. लहान भावंडांना घेऊन या, असं सांगावं लागेल, नाहीतर कुणीच येणार नाही. फडात जाणाऱ्यांसाठी कारखाना क्लिनिंगला थांबतो तो दिवस, किंवा टोळीला तोडीची स्लिप मिळत नाही तो दिवस. तो दिवस आधी तुमच्या शेतकी गट ऑफिसला आणि स्लिपा देणाऱ्या चिटबॉयला कळतो. त्याने एक फोन ताईला करावा.

ताई-दादा शक्यतो आमच्याकडचेच असावेत. कोल्हापूर-सांगलीकडची समाजकार्य शिकलेली मुलगी चांगलीच असेल, पण आमच्या मुलींना तिच्यापुढे आपली बोली लपवावीशी वाटते, आणि बोली लपवणारी पोरगी बाकीचंही लपवते. टोळ्यांमध्येच बारावी झालेल्या सुना आहेत. सासूला पटवून, फडातला अर्धा दिवस बुडाल्याचे पैसे देऊन, त्यांना हे काम शिकवता येतं. मला तर वाटतं, हाच उत्तम मार्ग आहे.

मुलांचा गट वेगळा, आणि तो विसरू नका. आम्ही स्वतः फार उशिरा त्याकडे वळलो, कारण पैसा येतो तो किशोरींच्या नावाने. सोळा वर्षांचा पोरगा मोळ्या वाहतो, रात्री ट्रॅक्टरच्या रांगेत गाडीवर झोपतो, मोठ्यांच्यात बसून गुटख्याला आणि मोबाइलवरच्या जुगाराला लागतो. घरी हरलेले पैसे कळले की जीव द्यायची भाषा करतो. त्याचं लग्नही एकविसाच्या आत लागतं, तेही बेकायदाच. पण त्याला कुणी ‘तुला काय वाटतं’ म्हणून विचारत नाही. एका पोराने मला विचारलं होतं, ‘ताई, बायको मारायलाच लागती का? समदे म्हणतेत, नायतर ती ऐकत नाही.’ हा प्रश्न विचारायला त्याच्याजवळ दुसरी जागा नव्हती. चौदा-चार-सोळा (१४४१६) हा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर फोनमध्ये भरून देता येतो, आम्ही देतोच. पण फोन लावण्याआधी कुणीतरी ओळखीचं माणूस लागतं.

सगळ्यात नाजूक गोष्ट भरवशाची. गटात बोललेलं बाहेर जाणार नाही, असं मुलींना सांगावं लागतं, आणि तसं सगळंच सांगता येत नाही. लैंगिक अत्याचार कळला तर पोक्सो कायद्याने तो कळवावाच लागतो. अल्पवयात लग्न ठरलेली मुलगी बाल न्याय कायद्याने काळजी आणि संरक्षणाची गरज असलेलं बालक ठरते; म्हणजे चाइल्ड हेल्पलाइनच्या १०९८ ला फोन, बालकल्याण समिती, गावपातळीवर ग्रामसेवक, कारण बालविवाह प्रतिबंधक अधिकारी तोच. हे सगळं पहिल्याच दिवशी मुलींना मोकळेपणाने सांगितलं पाहिजे : या या गोष्टी मी कुणाला सांगणार नाही, आणि या मला सांगाव्याच लागतील, सांगायच्या आधी तुला विचारात घेईन. तरीही कोडी पडतात. सतरा वर्षांची, लग्न झालेली, पोटात बाळ असलेली मुलगी दवाखान्यात गेली की डॉक्टरला पोलिसांना कळवावं लागतं, म्हणून घरचे तिला दवाखान्यातच नेत नाहीत. अशा वेळी मी काय करते? आधी तिला दवाखान्यात नेते आणि बाकीचं निस्तरते. याचं छापील उत्तर कुणाकडे असेल तर मला पाठवा. तुमच्याकडून मात्र एक हमी हवी : गट म्हणजे पालकांना पकडायचा सापळा होणार नाही. एकदा तळावर पोलिसांची गाडी आली की पुढच्या हंगामात त्या गावची एकही मुलगी खोलीत पाय ठेवणार नाही.

मुलांची यादी करायची तर तोडणी कराराच्या वेळीच प्रत्येक कोयत्यामागे या वयाची मुलं किती, याचा आकडा घ्या. नावं, आधार, फोटो नको. आकडा गावच्या अंगणवाडी ताईला आणि आशाला कळवा, म्हणजे कोण कुठं गेलं ते आम्हाला जुळवता येईल. गरोदर बायकांच्या नोंदींसाठी एकमेकींना फोन करून आम्ही हे आजही करतो, फक्त कारखान्याचं दार बंद असतं.

पैशांचं म्हणाल तर दहा लाख टन गाळप करणारा कारखाना ऊसतोड कामगार महामंडळासाठी टनामागे दहा रुपयांप्रमाणे एक कोटी देणं लागतो. त्याव्यतिरिक्त मी मागते ते असं : ताई-दादांना महिना दहा-दहा हजार, सहा महिन्यांचे एक लाख वीस हजार. सतरंज्या, कॅरम, एक दिवा, एक संडास. मोठे तीन तळ धरले तरी चार-पाच लाखांच्या आत. बॉयलर अग्निप्रदीपनाच्या मांडवाला आणि फेट्यांना किती लागतात, ते तुमच्या हिशेबनिसाला विचारून पाहा. बॅनर नको. सॅनिटरी पॅडची पाकिटं हातात देऊन मुलींचे रांगेत उभे राहून काढलेले फोटो तर अजिबात नकोत. त्यातल्या अर्ध्या मुली पुढच्या वेळी येत नाहीत, आणि पॅड घ्यायलाही येत नाहीत.

निदान एका कारखान्याने, एका तळावर, येत्या हंगामात हे करून पाहावं. ताई-दादा कुठून मिळतील, त्यांना आठ दिवसांत काय शिकवायचं, पहिल्या चार बैठकांना काय घ्यायचं, हे सगळं आमच्याकडे तयार आहे. निरोप पाठवलात तर स्वतः येऊन बसेन. मुकादमांनाही बोलवा, त्यांच्याशिवाय तळावर पान हलत नाही हे मला माहीत आहे. त्यांच्याही मुली असतात, आणि त्यातले दोघे-तिघे आमच्या बाजूने आधीच आहेत. खोलीची किल्ली मात्र मुकादमाकडे देऊ नका. ती ताईकडे राहील, आणि दुसरी तळावरच्या मुली ज्या बाईचं नाव सांगतील तिच्याकडे.

कळावे,

बीड जिल्ह्यातली किशोरी गटाची एक ताई